म्हादईचे पाणी समुद्रात गेल्यावर

खानापूर तालुक्यात एक गंमत आहे. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला वळून कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराची वाट धरते. निपाणीच्या वेदगंगेचे पाणीही शेवटी तिकडेच जाते. पण त्याच तालुक्यात उगम पावणारी म्हादई पश्चिमेला उतरते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. पाणीवाटपाचा विषय निघाला की आपल्याकडे हमखास ऐकू येते, ‘एवढे पाणी समुद्रात वाया जाते.’ ते खरेच वाया जाते का, हे बाजारातल्या टोपलीपासून पाहू.

घाट चढून बेळगावला येणारा बांगडा, तारली, कोळंबी ही खोल समुद्राची पैदास नव्हे. किनाऱ्यापासून साधारण २०० मीटर खोलीपर्यंतचा उथळ पट्टा, म्हणजे शालेय भूगोलातली ‘समुद्रबूड जमीन’, हे त्यांचे शेत. जगातल्या समुद्राचा हा भाग सुमारे ८ टक्के, पण मासळीचा मोठा वाटा इथलाच. वनस्पती-प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती. त्यांना ऊन हवे आणि खतही हवे. खोल समुद्रात ऊन वर राहते, खत तळाशी. उथळ पाण्यात दोन्ही एकत्र येतात. पावसाळ्यात तर पश्चिम किनाऱ्यालगत खालचे थंड, सकस पाणी वर चढते आणि नद्या आपला गाळ आणून ओततात. मासळीच्या विणीचा हंगामही बराचसा तोच. म्हणून १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते.

कोळंबीचे पाहा. अंडी घालते समुद्रात, पण तिची पिल्ले खाडीत शिरतात, खारफुटीच्या मुळांत वाढतात आणि मोठी होऊन परत समुद्रात जातात. त्यांना मचूळ पाणी लागते. नदी आटली की भरतीचे खारे पाणी आत सरकते. तिसऱ्या तर चिखलात रुतून बसलेल्या. त्या पळणार कुठे?

२०१८ च्या निवाड्यात लवादाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिले, त्यातले ३.९ मलप्रभेत वळवण्यासाठी. हुबळी-धारवाडची तहान खोटी नाही, हेही मान्य करायला हवे. माझ्या मते खरा प्रश्न किती पाणी वळवायचे एवढाच नाही, ते कोणत्या महिन्यात वळवायचे हाही आहे. आषाढातला लोंढा वेगळा आणि चैत्रातली बारीक धार वेगळी.