‘तण’ म्हणजे नेमके काय?

‘शेतात तण माजले आहे’ असे शेतकरी म्हणतो तेव्हा तो कोणत्याही एका वनस्पतीचे नाव घेत नाही. नको त्या ठिकाणी उगवलेल्या प्रत्येक रोपाला हा शब्द लागू पडतो. कपाशीच्या ओळीत आलेले ज्वारीचे रोपदेखील तेवढ्यापुरते तणच होय. परंतु मुळात या शब्दाचा अर्थ इतका व्यापक नव्हता आणि त्यात तिरस्काराची छटाही नव्हती.

संस्कृतातील ‘तृण’ म्हणजे गवत, गवताची काडी. प्राकृतात ‘ऋ’ हा स्वर टिकला नाही. ‘तृण’चे ‘तण’ झाले व तेच रूप मराठीत उतरले. पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात मळणीनंतरच्या पेंढ्याला ‘तणस’ म्हणतात. तेथे जुना अर्थ अद्याप शाबूत आहे. मूळ संस्कृत रूपही मराठीत नांदत आहे, मात्र निराळ्या घरी. ज्वारी, बाजरी, गहू, भात, नाचणी यांना आपण ‘तृणधान्ये’ म्हणतो. एकाच शब्दाच्या एका रूपाला कणगीत जागा मिळाली आणि दुसरे खुरप्याखाली आले!

वनस्पतिशास्त्रही या नात्याला दुजोरा देते. ही सर्व धान्ये गवताच्याच कुळातील आहेत आणि त्यांचे भाऊबंद शेतात तण म्हणून उभे असतात. सावा हे धान्य ज्या रानटी गवतापासून माणसाने घडविले, ते रानसावा आजही भातखाचरात उपद्रव देते. कोवळेपणी ते भातासारखेच दिसत असल्याने बेणणी करताना अनुभवी हातही चुकतो. पान जेथे खोडाला चिकटते तेथे निरखून पाहावे. भाताला त्या सांध्यात जिभेसारखा पातळ पांढुरका पडदा असतो. रानसाव्याला तो नसतो. हराळीची गोष्ट तर सर्वांच्या परिचयाची आहे. बांधावरून मळ्यात शिरली की ती हराळी. गणपतीला वाहिली की तीच दूर्वा.

तथापि ‘तण’ आणि ‘गवत’ हे शब्द सरसकट वापरल्याने जे नुकसान होते ते तणनाशक खरेदी करताना. ‘गवत मारण्याचे औषध द्या’ एवढे सांगून चालत नाही. २,४-डी हे औषध रुंद पानांच्या तणांवर चालते. हराळीसारख्या गवतवर्गीय तणांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. गहू व ऊस या पिकांत ते वापरता येते याचे कारणही हेच, कारण ही पिके स्वतःच तृणकुळातील आहेत. उलट शेजारच्या कपाशीवर त्याचे तुषार वाऱ्याने गेले तर पाने आकसून पीक हातचे जाते.

लव्हाळा किंवा नागरमोथा दिसायला गवत आहे, पण गवताच्या कुळातला नाही. त्याची दांडी बोटांत फिरविली की तीन कडा हाताला लागतात; गवताची काडी गोल किंवा चपटी असून तिला पेरे असतात. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या जोडलेल्या असतात. वरची पात खुरपून टाकली तरी गाठीतून नवा कोंब येतो. म्हणून नांगरटीनंतर उन्हाळ्यात गाठी वेचून काढणे हे कष्टाचे खरे, पण उपयोगाचे काम आहे.

‘गाजरगवत’ हे नाव तर दोन्ही बाजूंनी फसवे आहे. ते गाजरही नव्हे, गवतही नव्हे. पाने गाजरासारखी दिसतात एवढेच; कूळ सूर्यफुलाचे. हे अमेरिका खंडातून आलेले झाड १९५५ च्या सुमारास पुण्यात आढळले आणि पुढे देशभर पसरले. ते रुंद पानांचे तण आहे. फुलावर येण्यापूर्वीच उपटावे, तेही उघड्या हातांनी नव्हे. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगावर खाज व पुरळ उठते.

घोळ व तांदुळजा यांचीही गणना तणांतच होते, पण निंदणाऱ्या बाया ती ओच्यात भरून घरी नेतात व संध्याकाळी त्यांची भाजी होते. बांधावरचे तण गुरांना जाते. शेतात तणनाशक फवारले असेल तर ही गोष्ट त्याच दिवशी निंदणाऱ्यांना व गुराख्यांना सांगावी. त्या शेतातील भाजी वा चारा कोणीही नेऊ नये. औषधाच्या वेष्टनावर दिलेली मुदत संपेपर्यंत गुरेही तेथे सोडू नयेत.