देवकुंडला जावं पाऊस ओसरल्यावर

सह्याद्रीत भटकणाऱ्या बहुतेकांनी देवकुंडचा फोटो पाहिलेला असतो. काळ्या कातळाच्या खोबणीतून सुटलेली पांढरी धार आणि तिच्या पायाशी हिरवंनिळं कुंड. फोटो खराच आहे. फक्त तो बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरातला असतो, आणि तो पाहून लोक निघतात जुलैच्या रविवारी. मग गढूळ लोंढा तरी पाहावा लागतो, नाहीतर बंदीचा आदेश वाचून वाटेतूनच परतावं लागतं. देवकुंडची सहल आखताना अंतर, चढ, डबा हे सगळं नंतर बघावं. आधी महिना ठरवावा.

ठिकाण रायगड जिल्ह्यातलं, माणगाव तालुक्यातल्या पाटणूस-भिरा परिसरातलं. पुण्याहून मुळशी, ताम्हिणी घाट, विळे आणि तिथून भिरा असा रस्ता. मुंबईकडून येणाऱ्यांनी गोवा महामार्गावर कोलाडला वळावं. कोकण रेल्वेने आलात तर कोलाड किंवा माणगाव स्टेशन जवळ पडतं. पण पहाटे भिऱ्यात पोहोचायचं असेल तर स्वतःचं वाहन बरं.

पुण्याहून येताना मुळशीच्या जलाशयाच्या काठाने गाडी धावते, तेव्हा त्या पाण्याकडे जरा निरखून बघा. मुळा नदी पूर्ववाहिनी. भीमा, कृष्णा करत तिचं पाणी बंगालच्या उपसागराला जायचं. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी ते इथे अडवलं गेलं, डोंगरातून पश्चिमेला वळवलं गेलं आणि नळांतून थेट कोकणात, भिऱ्याच्या वीजकेंद्रावर सोडलं गेलं. १९२७ पासून तिथे वीज तयार होते आहे. या धरणात जमिनी जाणार म्हणून मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला. सेनापती बापट या नावाला ‘सेनापती’ जोडलं गेलं ते त्याच लढ्यात. वीज करून झालेलं पाणी पुढे कुंडलिकेत उतरतं. कोलाडला सकाळी राफ्टिंगच्या होड्या सुटतात त्या याच पाण्याच्या भरवशावर. धबधब्याच्या वाटेला लागण्याआधी एवढा इतिहास आपण गाडीतून ओलांडलेला असतो.

भिऱ्याहून धबधबा सहा-सात किलोमीटर. जायला दोन ते अडीच तास, यायला तेवढेच. चढ फारसा नाही, पण चाल लांबची आहे. म्हणून रोज चालायची सवय असलेल्याला ती मध्यम वाटते, नसलेल्याची परतीच्या उन्हात परीक्षा होते. सुरुवातीची वाट भिरा धरणाच्या पाण्याकाठाने जवळजवळ सपाट जाते. इथे सावली कमी, म्हणून हा टप्पा सकाळी लवकर उरकावा. मग रान सुरू होतं: ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, खाली करवंदीच्या जाळ्या. घोळक्याने गप्पा मारत गेलात तर यातलं काहीच भेटत नाही. थोडं मागे राहून चालणाऱ्याला शेकरूची फांदीवरची खसफस ऐकू येते, एखाद्या ओढ्याच्या घळीत शीळकरी कस्तुराची शीळही. वाटेत ओढे लागतात आणि शेवटी दगडधोंड्यांतून चढ. पकड असलेले बूट हवेत. प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी असावं.

मग झाडं बाजूला होतात आणि समोर कातळ उभा राहतो. सह्याद्रीचा हा बेसॉल्ट कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. काही थर कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर पाणी आधी खातं, वरचा कठीण थर कड्यासारखा उरतो, आणि धार जिथे आपटते तिथे तळ खोल होत जातो. देवांच्या नावाने ओळखलं जाणारं हे कुंड पाण्याने असं युगानुयुगं कोरलेलं आहे.

धोक्याचं कारणही याच रचनेत आहे. धबधब्याचं पाणी वरच्या प्लस व्हॅलीतून येतं, आणि ती दरी ताम्हिणीच्या माथ्यावरचा पाऊस गोळा करते. ताम्हिणी म्हणजे राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या जागांपैकी एक. खाली भिऱ्यात ऊन असताना वर ढग रिकामा होत असतो, आणि ते पाणी अरुंद घळीतून थोड्याच वेळात खाली येतं. सकाळी घोटाभर असलेला ओढा दुपारी कमरेएवढा होतो आणि परतीची वाट तुटते. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते अशाच अचानक वाढलेल्या पाण्यात. देवकुंडनेही बळी घेतले आहेत. म्हणून पावसाळ्यात प्रशासन इथे बंदी घालतं. ती योग्यच आहे, आणि चोरवाटेने आत शिरणाऱ्यांबद्दल मला जराही सहानुभूती नाही; त्यांना शोधायला गावातल्याच पोरांना जीव धोक्यात घालून पुरात उतरावं लागतं.

मग जायचं कधी? पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत. धार बारीक झालेली असते, पण पाणी नितळ आणि वाट कोरडी. परतीच्या पावसाचा इशारा असेल तर तारीख पुढे ढकला. शनिवार-रविवारी गर्दी फार असते, मधला वार साधला तर उत्तम. भिऱ्यातून सातच्या आत निघालात तर साडेनऊपर्यंत कुंडाशी पोहोचाल, आणि दुपारी बाराला, मन भरलेलं असो वा नसो, माघारी फिरायचं. गावातला वाटाड्या घ्याच. त्याला वाट माहीत असतेच, पण कोणत्या ओढ्याचं पाणी कधी फसवतं हेही त्याला ठाऊक असतं. कुंडाशी लावलेल्या दोरीपलीकडे उतरू नका; पोहता येणाऱ्यालाही धारेखालचं थंड, ओढणारं पाणी आवरत नाही. चूल किंवा धूर तर अजिबात नको. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्यामोहोळं असतात, आणि ती उठली तर पळायला जागा नाही.

जेवणाचं निघतानाच गावातल्या एखाद्या घरी सांगून ठेवा. तांदळाची भाकरी, पिठलं, एखादी भाजी, भात. परत येईपर्यंत तीन वाजतात, आणि पुण्याला जाणाऱ्यांनी चारपर्यंत भिरा सोडावं म्हणजे ताम्हिणीची वळणं उजेडात पार होतात.