टपालाच्या थैलीचे तोंड

पत्र पेटीत टाकले की आपले काम संपते. टपालाचे काम मात्र तेथूनच सुरू होते. चंद्रपुरात टाकलेले पत्र रत्नागिरीकडच्या एखाद्या खेड्यात पोहोचावयाचे, तर वाटेत त्याला किती हात लागत असतील, याची कल्पना करा. पेटी उघडणारा, पत्रांची वर्गवारी करणारा, थैली बांधणारा, ती गाडीत चढविणारा, गाडीतून उतरवून घेणारा आणि शेवटी घरोघर वाटणारा, अशी ही हातांची एक लांबच लांब साखळी असते. पत्र पाठविणारा यांपैकी कोणालाही ओळखत नाही. पत्र घेणारा फार तर शेवटच्या माणसाला ओळखतो. असे असूनही आपण त्या थैलीच्या स्वाधीन काय काय करतो! पारपत्रे, बँकेची कार्डे, औषधे, नेमणुकीचे हुकूम, बहिणीने दूरदेशीच्या भावाला धाडलेली राखी, हे सारे तिच्या पोटात शिरते आणि बहुधा जसेच्या तसे बाहेर येते.

हा विश्वास पुष्कळ गोष्टींवर उभा आहे. त्यांपैकी एक गोष्ट अगदी साधी, म्हणून सहसा लक्षात न येणारी आहे. ती म्हणजे थैलीचे तोंड बंद करण्याची रीत. ‘त्यात काय मोठेसे? दोरी बांधली की झाले,’ असे तुम्ही म्हणाल. पण हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

प्रथम त्याच्या अटी समजावून घेऊ. थैलीचे तोंड थोड्या वेळात बंद करता आले पाहिजे; कारण गाडी कोणासाठी थांबत नाही. ज्याला ती उघडण्याचा अधिकार आहे, त्याला ती सहज उघडता आली पाहिजे. ज्याला अधिकार नाही, त्याला ती गुपचूप उघडून पुन्हा पूर्ववत बंद करता येता कामा नये. शिवाय हे सारे हलके आणि स्वस्त असले पाहिजे. कारण थैली एक नसते, रोज हजारो असतात. एकेक अट स्वतंत्रपणे पाळणे अवघड नाही. चारही एकदम पाळणे, यातच खरी कसोटी आहे.

मनात सर्वांत आधी येतो तो उपाय म्हणजे कुलूप. थैलीच्या तोंडाला लोखंडी कड्या बसवाव्यात, त्यांतून कुलूप घालावे आणि निश्चिंत व्हावे! परंतु कुलूप म्हटले की किल्ली आली. थैली ज्या ज्या कचेरीत उघडावयाची, तेथे तेथे तिची किल्ली हवी. आपल्या देशात आज दीड लाखांहून अधिक टपाल कचेऱ्या आहेत. प्रत्येक थैलीचे कुलूप निराळे केले, तर प्रत्येक कचेरीत किल्ल्यांचा डोंगर साठेल. उलट, सर्व कुलपांना एकच किल्ली ठेवली, तर देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात एक किल्ली हरवताच सर्व कुलपे निरुपयोगी ठरतील. आणखी एक गोष्ट पाहा. थैली कापडाची असते. कुलूप कितीही भक्कम असले, तरी शेजारचे कापड चाकूने फाडता येतेच. साखळीचे बळ तिच्या सर्वांत दुबळ्या कडीइतके. तद्वतच कुलपाचे बळ थैलीच्या कापडापेक्षा अधिक कसे होईल?

म्हणून या विषयाचा विचार करणाऱ्या लोकांनी प्रश्नच जरा निराळ्या रीतीने मांडला. ‘थैली कोणालाही उघडता येऊ नये,’ असे न म्हणता त्यांनी म्हटले, ‘थैली कोणी उघडलीच, तर ते लपता कामा नये.’ कुलूप आणि मोहोर यांच्यातील भेद तो हाच. कुलूप अडवते, मोहोर साक्ष देते. कुलूप पहारेकऱ्यासारखे आहे, तर मोहोर साक्षीदारासारखी.

ही कल्पना फार प्राचीन आहे. गुजरातेतील लोथल येथे १९५५ सालापासून पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले. तेथील वखारीच्या जागी मातीच्या कित्येक मुद्रांकित गोळ्या सापडल्या. त्यांच्या एका बाजूस सिंधू संस्कृतीतील मुद्रांचे ठसे आहेत आणि दुसऱ्या बाजूस दोरी, विणलेले कापड, चटई यांच्या खुणा आहेत. यावरून काय समजते? चार हजार वर्षांपूर्वीचे व्यापारी मालाचे गठ्ठे दोरीने बांधीत, गाठीवर ओली माती थापीत आणि तीवर आपली मुद्रा उमटवीत. माती वाळली की ती फोडल्यावाचून गाठ सोडता येत नसे.

इजिप्तमध्ये तूतानखामेन या राजाचे थडगे १९२२ साली हॉवर्ड कार्टर यांना सापडले. प्राचीन काळीच चोर त्या थडग्यात शिरून गेले होते, हे उघड दिसत होते. मात्र आतील एका देव्हाऱ्याच्या दाराच्या कड्यांना गुंडाळलेला दोर आणि त्यावरील मातीची मोहोर अभंग होती. ती पाहताच कार्टर यांनी जाणले की, चोरांचे हात या दारापलीकडे पोहोचलेले नाहीत. दोर आणि चिमूटभर माती! बलदंड माणसाला ती अडवू शकली नसती. पण तीन हजारांहून अधिक वर्षांनंतर तिने आपली साक्ष बिनचूक दिली.

आपल्याकडे मराठेशाहीतील पत्रांच्या अखेरीस ‘मोर्तब’ करण्याची चाल होती. मजकूर जेथे संपला, तेथेच हा शिक्का उमटवीत. म्हणजे त्याखाली मागाहून कोणाला एक ओळही घुसडता येत नसे. पत्राचे तोंड बंद करण्याचाच हा एक प्रकार नव्हे काय?

इंग्रजी अमलात, १८५४ साली, हिंदुस्थानभर टपालाचा एकसारखा दर सुरू झाला. अंतर कितीही असो, पाव तोळा वजनाच्या पत्राला अर्धा आणा. साहजिकच टपाल वाढले. हातात घुंगुरकाठी घेतलेले हरकारे रानावनांतून, नदीनाल्यांतून थैल्या वाहू लागले. पुढे आगगाड्या आल्या. या सर्व काळात थैलीचे तोंड बंद करण्यासाठी सुतळी आणि लाख यांचीच जोडी उपयोगी पडली. लाख हा एका किड्याने पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर तयार केलेला राळेसारखा पदार्थ आहे. उष्णतेने तो वितळतो आणि निवाला की कठीण व ठिसूळ होतो. येथे ठिसूळपणा हा दोष नसून गुण आहे, हे ध्यानात घ्या. चिवट पदार्थ हलकेच सोलून काढता येईल. ठिसूळ लाख मात्र छेडताच फुटते आणि फुटलेली लपत नाही.

आता थैली बांधण्याच्या रीतीकडे पाहू. ती समजण्यासाठी आपण क्षणभर चोराच्या डोक्याने विचार करू. कारण चांगले कुलूप करणाऱ्याला चोराच्या युक्त्या ठाऊक असाव्याच लागतात.

थैलीच्या गळ्याभोवती नुसतीच दोरी आवळली, तर चोर काय करील? कापडाच्या चुण्या हळूहळू ओढून तो दोरीचा वेढा अखंडच वर सरकवील, हवे ते काढून घेईल आणि वेढा पुन्हा खाली बसवील. म्हणून वेढे घट्ट हवेत आणि ते गळ्यावरून निसटू नयेत अशी तजवीज हवी. दोरी कापडाला पाडलेल्या छिद्रांतून ओवली, तर हा मार्ग बंद होतो. दोरीला मध्येच जोड असेल, तर चोर मोहोरेला हात न लावता तो जोड सोडील. म्हणून दोरी अखंड, एकाच तुकड्याची हवी. गाठ एकीकडे आणि लाख दुसरीकडे असेल, तर ती लाख नुसती शोभेची. म्हणून लाख गाठीवरच पडली पाहिजे आणि दोरीची टोके तिच्यात बुडाली पाहिजेत. थैली कोठून कोठे जावयाची हे सांगणारी चिठ्ठीही त्याच बांधणीत अडकवलेली हवी. नाहीतर चिठ्ठ्यांची अदलाबदल करून एका गावची थैली दुसऱ्याच गावी पाठविता येईल. लाखेवर शिक्काही हवाच. कारण लाख बाजारात कोणालाही मिळते, पण कचेरीच्या नावाचा पितळी शिक्का कचेरीबाहेर कोणापाशी नसतो. म्हणूनच तो शिक्का जपून ठेवणे हे लाख ओतण्याइतकेच महत्त्वाचे.

एवढे केल्यावर चोर तोंडाचा नाद सोडतो आणि थैलीच्या बुडाकडे वळतो. तेथील शिवण उसवावी, जिन्नस काढावा आणि पुन्हा टाके घालावेत! याकरिता शिवण मजबूत हवी, आणि थैली घेताना केवळ मोहोर न पाहता शिवणीवरूनही नजर फिरविली पाहिजे. सारांश, तोंड बंद करणे म्हणजे केवळ तोंडाचा विचार करणे नव्हे. साऱ्या थैलीचा विचार करणे होय.

लाखेलाही उणिवा आहेत. ती वितळविण्यासाठी विस्तव लागतो, वेळ लागतो आणि आदळआपट झाली तर ती चोरावाचूनही फुटते. म्हणून अलीकडे तिच्या जागी प्लॅस्टिकची मोहोर वापरतात. तिची रचना मोठी गमतीची आहे. एका चिंचोळ्या पट्टीवर बारीक दाते असतात. प्रत्येक दाता एका बाजूने उतरता आणि दुसऱ्या बाजूने सरळ उभा असतो. पट्टीचे टोक तिच्याच डोक्यातील भोकात घातले की आतील लहानशी खिट्टी उतरत्या बाजूवरून घसरत पुढे जाते. पण पट्टी मागे ओढू लागताच ती दात्याच्या उभ्या बाजूला अडते. म्हणजे पट्टी आवळता येते, सैल करता येत नाही. उघडावयाची तर ती कापावीच लागते आणि कापलेली पट्टी पुन्हा जुळत नाही. चोराने तशीच दुसरी पट्टी लावली तर? त्यासाठी प्रत्येक पट्टीवर निराळा क्रमांक असतो आणि तो थैलीसोबतच्या नोंदीत लिहिलेला असतो. पट्टी बदलली की क्रमांक बदललाच!

क्रमांकाची ही युक्ती कुलपालाही लागू पडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील टपाल खात्याने मौल्यवान टपालाच्या थैल्यांसाठी एक खास कुलूप वापरात आणले होते. त्यात लहानशा खिडकीतून एक आकडा दिसे आणि कुलूप उघडले की तो आकडा पुढे सरके. थैली देताना आकडा लिहून ठेवीत आणि घेताना ताडून पाहत. वाटेत कोणी खोटी किल्ली चालविली, तर कुलूप स्वतःच ते सांगून टाकी. कुलपाला असे साक्ष देणे शिकविले, तेव्हा कोठे ते खऱ्या अर्थाने टपालाच्या कामाचे झाले.

परंतु साक्षीदार कितीही सच्चा असला, तरी त्याला विचारणारा कोणी हवा. मोहोरेचेही तसेच आहे. तिच्याकडे कोणी पाहिलेच नाही, तर ती फुटली काय आणि राहिली काय, सारखेच. म्हणून थैली एका हातातून दुसऱ्या हातात जाताना घेणाऱ्याने मोहोर, दोरी, शिवण आणि चिठ्ठी पाहून घ्यावयाची असते. काही वावगे दिसले, तर तेथल्या तेथे लिहून ठेवावयाचे असते. थैली उघडण्याचीही रीत आहे. दोरी अशी कापावयाची की मोहोर आणि चिठ्ठी शाबूत राहावी. आणि आतील जिन्नस यादीशी जुळेपर्यंत ती फेकून द्यावयाची नाही. मोहोरेची साक्ष थैली उघडल्यानंतरही उपयोगी पडते, ती अशी.

मोहोरेच्या शक्तीला मर्यादाही आहेत. १९६३ च्या ८ ऑगस्टला पहाटे इंग्लंडमध्ये दरोडेखोरांच्या एका टोळीने सिग्नलचा दिवा खोटा लाल करून ग्लासगोहून लंडनकडे येणारी टपालगाडी थांबविली, चालकाच्या डोक्यात प्रहार केला आणि नोटांनी भरलेल्या १२० थैल्या लांबविल्या. सुमारे २६ लाख पौंडांची ती लूट होती. अशा वेळी मोहोर काय करणार? उघड दांडगाईला पोलीस आणि कायदा यांनीच आवर घातला पाहिजे. मोहोर आहे ती चोरट्या हातांसाठी, अंधारातल्या मोहासाठी.

तिचा आणखी एक मोठा उपयोग आहे; तो विसरला जाऊ नये. अशी कल्पना करा की, एका थैलीतून मौल्यवान जिन्नस नाहीसा झाला आहे. संशय कोणावर येईल? ज्याने ती खांद्यावरून वाहून आणली, त्या गरीब माणसावर. त्याच्याजवळ ना वकील, ना वजन. ‘मी घेतले नाही,’ यापलीकडे तो काय सांगणार? पण थैली त्याने हवाली केली तेव्हा मोहोर अभंग होती, अशी नोंद असेल, तर वाटेत त्याने ती उघडलेली नाही, हे त्याला तोंडाने सांगावे लागत नाही, मोहोरच सांगते. चोर पकडण्यासाठी केलेली ही योजना अशा रीतीने निरपराध माणसाचे रक्षण करते. म्हणून मोहोर तपासून पाहणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखविणे नव्हे. देणारा आणि घेणारा या दोघांचीही अब्रू त्या क्षणी जपली जाते.

वीतभर दोरी आणि बोटाएवढी लाख, किंवा प्लॅस्टिकची एक दातेरी पट्टी. किंमत पाहू गेल्यास काहीच नाही. पण तिच्या भरवशावर एकमेकांना कधीही न पाहिलेली माणसे आपल्या जिवाभावाच्या वस्तू परक्या हातांत निःशंकपणे सोपवितात.