फर्मानाची झाली चिठ्ठी

१३व्या शतकात व्होल्गाकाठच्या सराय या मंगोल खानांच्या राजधानीत रशियन राजे हात बांधून उभे राहत. गादी टिकवायची तर खानाचं ‘यार्लिक’, म्हणजे सनद, हवीच. आज रशियात शर्टाला लटकणारी चिठ्ठी म्हणजे ‘यार्लिक’. संगणकाच्या पडद्यावरचं शॉर्टकटचं चित्रही ‘यार्लिक’च. साडेसातशे वर्षांत केवढी ही घसरण!

‘सराय’ची गत त्याहून मजेशीर. रशियनमध्ये ती सरपण नि अडगळ ठेवायची खोप. बोस्नियात मात्र सारायेवोच्या नावात उस्मानी सुभेदाराचा वाडा अजून उभा आहे. आपल्याकडे ती वाटसरूंची सराई. खानावरचा राग रशियनांनी शब्दावर काढला असं म्हणायचा मोह होतो, पण ते पटत नाही. मूळ फारसी शब्दाचा अर्थ घर, मोठी वास्तू. कुणी त्यातला थाट उचलला, कुणी नुसतं छप्पर.

खानांच्याही आधीचा शब्द ‘तोवार’. जुन्या तुर्कीत ‘तावार’ म्हणजे गुरंढोरं, मालमत्ता. रशियनमध्ये तो झाला विकायचा माल, बल्गेरियनमध्ये ओझं, आणि दाल्मेशियाच्या किनाऱ्यावर ओझं वाहणारं चक्क गाढव! मालाच्या व्यापारातला सोबती तो ‘तोवारिश’; १९१७नंतर अख्खा देश एकमेकांना त्याच शब्दानं हाक मारू लागला. कॉम्रेड आणि गाढव एकाच दावणीचे, हे पक्षाच्या बैठकीत कुणी काढलं नसावं.

बाल्कनमध्ये उस्मानी राजवटीनं तर घरदार, स्वयंपाक, बाजार सगळंच तुर्की शब्दांनी भरून टाकलं. सर्बियन बाई भाजी आणते त्या पिशवीला ‘केसा’ म्हणते, रशियन म्हातारा तंबाखू ठेवतो तो ‘किसेत’. आपला खिसाही त्याच घराण्यातला, फक्त आपल्याकडे तो फारसीतून आला.

१८७८मध्ये बल्गेरिया सुटला आणि शिकलेल्यांनी तुर्की शब्द निवडून फेकायला घेतले. राज्यव्यवहारकोश ज्या मुलखात झाला, तिथल्या वाचकाला हा खटाटोप समजावून सांगायला नको. ‘कोमशिया’, म्हणजे शेजारी, बल्गेरियात छापील भाषेतून मागे हटला. कुंपणावरून हाक मारायला मात्र तोच राहिला. जे तुर्की शब्द उरले त्यांतल्या बऱ्याच जणांना थट्टेचा, हिणवण्याचा वास लागला. सर्बियात कोमशियाला असला कमीपणा कधी आला नाही.

१९६६मध्ये अब्दुल्ला श्काल्यिच यांचा सर्बो-क्रोएशियनमधल्या तुर्की शब्दांचा कोश निघाला. शब्द भरले ८ हजारांवर. तो छापला गेला सारायेवोत, हे ओघानंच आलं.