कळसूत्र कोणाच्या हाती?

'रोबो' हा शब्द कारखान्यात जन्मास आला नाही. तो आला रंगभूमीमार्गे. कारेल चापेक या चेक लेखकाचे कृत्रिम मजुरांवरील नाटक १९२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याचे प्रयोग झाले. या मजुरांना काय म्हणावे, हे त्याला सुचत नव्हते. तेव्हा त्याचा चित्रकार बंधू योसेफ याने, चित्र रंगविता रंगविताच, वेठबिगारीचा वाचक असलेल्या एका चेक शब्दावरून हे नाव सुचविले. वेठीस धरलेल्या यंत्राचे बारसे एका चित्रकाराने करावे, हा योगायोग मोठा सूचक आहे. कारण यंत्राने चित्र काढले, तर त्या चित्राचा धनी कोण, हा प्रश्न आज कलावंतांपुढेच नव्हे, तर न्यायालयांपुढेही उभा आहे.

प्रश्न तसा जुना आहे. कळसूत्री बाहुल्यांच्या खेळात त्याचे उत्तर सोपे असते: बाहुली नाचते, पण दोरी सूत्रधाराच्या बोटांत असते. दोरीच दिसेनाशी झाली म्हणजे पंचाईत होते. धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या अकराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. नाचणाऱ्या व वाद्ये वाजविणाऱ्या लाकडी पुतळ्यांचे वर्णन त्यात येते; त्यांची घडण मात्र ग्रंथकार उलगडून सांगत नाही. हे मौन अज्ञानापोटी नसून गुप्ततेसाठी आहे, असा खुलासाही तो करतो. दोरी कोठे आहे हे कळले, की नवल ओसरते. हे त्या काळच्या जाणत्यांना चांगलेच ठाऊक असावे.

युरोपातील घड्याळजींनी ही दोरी पितळेत दडविली. आंरी मायार्दे या स्विस कारागिराने १८०० च्या सुमारास लंडनमध्ये बसून लिहिणारा व चित्रे काढणारा एक बालकाचा पुतळा घडविला. त्याच्या बैठकीखाली पितळी चकत्यांची एक चळतच आहे. प्रत्येक चकतीची कडा कोठे उंच, कोठे सखल अशी कोरलेली. किल्ली दिली, की चकत्या फिरू लागतात. त्यांच्या कडांवर टेकलेली पोलादी बोटे त्या चढउतारांबरोबर हलतात, आणि तेवढ्याने लेखणी धरलेला हात डावीउजवीकडे, पुढेमागे, वरखाली सरकतो. चार चित्रे आणि तीन कविता एवढा ऐवज त्या कडांमध्ये साठविलेला आहे.

१९२८ मध्ये हा पुतळा मोडक्या अवस्थेत अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटकडे आला. त्याचा कर्ता तेव्हा कोणासच नक्की माहीत नव्हता. दुसऱ्याच एका कारागिराचे नाव त्याला चिकटले होते. दुरुस्तीनंतर हात पुन्हा चालू लागला, आणि एका कवितेच्या चौकटीत त्याने फ्रेंचमध्ये लिहून दिले, की हे मायार्देच्या यंत्राने लिहिले आहे. यंत्र आपल्या कर्त्याचे नाव विसरले नव्हते; कारण विसरणे त्याच्या हातीच नव्हते. येथे चित्राचा धनी निःसंशय मायार्दे होय. जहाजात एखादे जादा शीड भरण्याची मुभा त्याने पुतळ्याला ठेवलीच नव्हती.

हॅरॉल्ड कोहेन याच्यापाशी आले, की हे उत्तर डळमळू लागते. हा नाणावलेला इंग्रज चित्रकार. १९६६ च्या व्हेनिस येथील आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्याने ब्रिटनचे प्रतिनिधित्व केले होते. १९६८ मध्ये तो कॅलिफोर्नियास गेला, संगणकाची भाषा शिकला, आणि १९७० नंतरच्या दशकात त्याने 'आरॉन' नावाची आज्ञावली रचण्यास आरंभ केला. जमिनीवर पसरलेल्या कागदावरून कासवासारखे फिरणारे एक छोटे यंत्र तिच्या हुकुमाने रेघा ओढीत असे. आरॉनमध्ये तयार चित्र एकही नव्हते. होते ते नियम. आकृती बंद केव्हा करावी, आत काय व बाहेर काय, एका आकाराने दुसऱ्यास कोठे वाट द्यावी, आणि पुढे पुढे मानवी देहाचे सांधे कोठे वळतात, हे सारे कोहेनने शिकविले. त्या नियमांतून निघणारे प्रत्येक चित्र निराळे असे, आणि ते कसे उतरेल हे कोहेनलाही आधी सांगता येत नसे. रंगाचे कोडे सोडविण्यास तर वर्षे लागली. चित्रकार रंग लावून पाहतो आणि मग ठरवितो; आरॉनला डोळेच नव्हते. तेव्हा रंगछटेपेक्षा उजळ-गडदपणाचा हिशेब आधी धरावा, हा तोडगा निघाला. १९९५ मध्ये बॉस्टनच्या संगणक संग्रहालयात आरॉनच्या यंत्राने स्वतः रंग कालवून चित्रे रंगविली. एवढे साधल्यावरही उतारवयात कोहेनने रंगकाम पुन्हा आपल्या हाती घेतले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. २०१६ मध्ये तो निवर्तला.

आजच्या चित्रकार आज्ञावल्यांना असे नियम कोणी हाताने लिहून देत नाही. माणसांनी काढलेल्या असंख्य चित्रांवरून त्या स्वतःच सरावतात. म्हणजे दोरी एकाच्या नव्हे, तर हजारो अनामिकांच्या बोटांतून आलेली असते, आणि त्यांतील बहुतेकांची संमती कोणी विचारलेली नसते. इकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये 'आयडा' या स्त्रीरूपी रोबोच्या नावावरील एक चित्र लिलावात दहा लाख डॉलरांहून अधिक किमतीस गेले.

स्टीफन थेलर या अमेरिकी शास्त्रज्ञाने एका चित्राचा एकमेव कर्ता म्हणून आपल्या यंत्राचे नाव सरकारी दप्तरी लावून स्वामित्वहक्क मागितला. मार्च २०२५ मध्ये तेथील अपील न्यायालयाने तो फेटाळला: कायद्याला कर्ता मनुष्यच हवा. परंतु यंत्र हाताशी धरून माणसाने काढलेल्या चित्रात माणसाचा वाटा किती असावा, म्हणजे ते त्याचे ठरेल, याचा निवाडा त्या न्यायालयाने केलेला नाही.