रेडिओ बोलतो, संगणक ऐकत नाही: सिरियल जोडणीतला बिघाड शोधताना

हौशी रेडिओ चालकाच्या टेबलावरचा संच आणि संगणक यांच्यात बहुधा एकच पातळ केबल असते. तिच्यातून संगणक संचाची फ्रिक्वेन्सी बदलतो, मोड निवडतो आणि ट्रान्समिट सुरू-बंद करतो. जो टेलर आणि स्टीव्हन फ्रँके यांनी २०१७ मध्ये आणलेल्या एफटी८ पद्धतीत तर प्रत्येक पाळी जेमतेम १५ सेकंदांची असते. तिथे हाताने बटणे फिरवण्याला फारसा वाव नाही, म्हणून ही केबल रुसली की कामच थांबते.

पंचकुलात भारत इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना लष्करासाठी संपर्क साधने बनवतो. अशा लष्करी संचाची केबल, तिचा सॉकेट आणि तिच्यातले विद्युतदाब संचाच्या आराखड्यातच ठरलेले असतात. त्याच गावातल्या, किंवा पुण्या-मुंबईतल्या, हौशी चालकाची गोष्ट वेगळी. त्याचा संच एका कंपनीचा, लॅपटॉप दुसरीचा, केबलमधली चिप तिसरीची आणि सॉफ्टवेअर चौथ्याच कुणाचे. या चौघांचे जमवून देणे चालकाच्याच माथी येते.

मुळात सिरियल जोडणीत दोन्ही बाजूंना समाईक घड्याळ नसते. पाठवणारा आधी एक आरंभ-बिट देतो, मग आठ माहितीचे बिट आणि शेवटी थांबा-बिट. ऐकणारा आरंभ-बिट दिसताच स्वतःच्या घड्याळाने मोजू लागतो. वेग ९६०० बॉड असेल तर एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंदांचा. दहाव्या बिटापर्यंत दोन घड्याळांतला फरक साचत जातो आणि तो अर्ध्या बिटापलीकडे गेला की वाचन चुकते. म्हणजे दोन्ही बाजूंच्या वेगात जास्तीत जास्त पाच टक्क्यांचा फरक खपतो. संच ४८०० वर आणि संगणक ९६०० वर असेल तर पडद्यावर अर्थहीन चिन्हे उमटतात किंवा काहीच उमटत नाही. चिन्हे उमटली तर ती शुभवार्ताच समजावी, कारण तार शाबूत आहे आणि फक्त वेग जुळवायचा आहे.

दुसरा घोळ विद्युतदाबाचा. १९६० पासून चालत आलेल्या आरएस-२३२ मानकात ‘१’ म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि ‘०’ म्हणजे अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट. अनेक संचांचा पोर्ट मात्र शून्य ते पाच व्होल्टचा असतो आणि त्यात ‘१’ म्हणजे पाच व्होल्ट. दाब वेगळा आणि दिशाही उलटी. आरएस-२३२ पोर्टचा जुना संगणक अशा संचाला थेट जोडला तर बोलणे होत नाही, शिवाय संचाचा पोर्ट जळू शकतो. म्हणून आयकॉमने सीटी-१७ आणि केनवुडने आयएफ-२३२सी या रूपांतरक पेट्या विकायला काढल्या. १९८७ मध्ये आलेल्या मॅक्स२३२ चिपने हे काम पाच व्होल्टवर आणि मोजक्या कपॅसिटरांत आणून ठेवले. पुढे घरी रूपांतरक बनवणाऱ्या असंख्य हौशींनी तीच चिप वापरली.

बिघाड शोधायला संगणकाकडून सुरुवात करावी आणि संच तूर्त बाजूला ठेवावा. यूएसबी-ते-सिरियल केबल लावल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नवा कॉम पोर्ट दिसतो का, हा पहिला प्रश्न. पिवळा त्रिकोण आणि ‘कोड १०’ दिसला तर केबलमधली चिप किंवा तिचा ड्रायव्हर दोषी असतो. प्रोलिफिकच्या पीएल२३०३ चिपच्या नकला बाजारात इतक्या आहेत, की नवा ड्रायव्हर त्यांना ओळखून काम नाकारतो. एफटीडीआयच्या २०१४ मधल्या ड्रायव्हरने तर नकली चिपांचा ओळखक्रमांकच शून्य करून टाकला होता. विश्वासार्ह दुकानातली थोडी महाग केबल शेवटी स्वस्त पडते.

पोर्ट दिसला तर पुढची चाचणी साधी आणि अतिशय उपयोगी आहे. नऊ पिनांच्या प्लगमधील २ आणि ३ क्रमांकाच्या पिना तारेच्या तुकड्याने जोडाव्यात, पुटीसारखा टर्मिनल प्रोग्रॅम उघडावा आणि कळ दाबावी. दाबलेले अक्षर पडद्यावर परत आले तर पोर्ट, ड्रायव्हर आणि केबल तिथपर्यंत ठीक आहेत. तार काढल्यावर अक्षर यायचे थांबलेही पाहिजे. ते येतच राहिले तर टर्मिनलचा स्वतःचा एको चालू आहे आणि चाचणी काहीच सिद्ध करत नाही. एक पोर्ट एका वेळी एकच प्रोग्रॅम उघडू शकतो, हेही लक्षात ठेवावे. मागे विसरलेला दुसरा प्रोग्रॅम पोर्ट अडवून बसलेला असतो आणि दोष केबलवर येतो.

मग संचाची पाळी. केनवुडचे संच साधी अक्षरे समजतात. टर्मिनलवर ‘एफए;’ पाठवले की टीएस-४८० ‘एफए०००१४१९५०००;’ असे काहीसे उत्तर देतो, म्हणजे १४.१९५ मेगाहर्ट्झ. आयकॉमची सीआय-व्ही पद्धत वेगळी. तिथे एकाच तारेवर बोलणे-ऐकणे होते आणि प्रत्येक संचाला पत्ता असतो. आयसी-७३०० चा मूळ पत्ता ९४. फ्रिक्वेन्सी विचारण्यासाठी संगणक ‘एफई एफई ९४ ई० ०३ एफडी’ हे सहा बाइट धाडतो. तार एकच असल्याने पाठवलेले बाइट संगणकाकडेच परतही येतात. एको आला पण उत्तर नाही, तर बहुधा पत्ता किंवा वेग चुकला आहे; एकोही नाही, तर तार किंवा रूपांतरक तपासावा. यूएसबीतून जोडलेल्या संचात मात्र हा एको मेनूतून बंद करता येतो, तेव्हा आधी ते सेटिंग पाहावे. उत्तरात ‘०० ५० १९ १४ ००’ असे पाच बाइट आले तर ते उलट्या क्रमाने वाचायचे: पुन्हा तेच १४.१९५ मेगाहर्ट्झ. येसूचा एफटी-८१७ अक्षरे घेत नाही. त्याला पाच बाइटांची आज्ञा आणि दोन थांबा-बिट लागतात, आणि संचाच्या मेनूतला वेग संगणकाशी जुळवावा लागतो.

आरटीएस आणि डीटीआर या दोन तारा सर्वात फसव्या. काही सॉफ्टवेअर त्यांच्यावरून ट्रान्समिट सुरू करते. त्यामुळे पोर्ट उघडताच किंवा संगणक सुरू होतानाच संच एकदम ट्रान्समिटमध्ये जातो. उलट, केनवुडच्या काही जोडण्यांत आरटीएस उंच असल्याशिवाय संच उत्तरच देत नाही.

रिसीव्ह नीट आणि ट्रान्समिट सुरू होताच पोर्ट गायब, असे झाले तर दोष बहुधा संचाच्याच सिग्नलचा. केबल अँटेनासारखी वागून रेडिओ ऊर्जा उचलते आणि यूएसबी चिप गोंधळते. शक्ती शंभर वॉटवरून पाचवर आणावी. तक्रार थांबली तर निदान पक्के. दोन्ही टोकांना फेराइट कोअरवर केबलचे काही वेढे घालावेत, केबल आखूड ठेवावी आणि अँटेनाची फीडलाइन तिच्यापासून दूर न्यावी.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि जुळलेला वेग, पत्ता व पोर्ट क्रमांक वहीत लिहून ठेवावा. ट्रान्समिटची प्रत्येक चाचणी मात्र ५० ओहमच्या डमी लोडवर घ्यावी, कारण भारतात परवान्याशिवाय हौशी पट्ट्यांवर सिग्नल सोडण्याची मुभा नाही.