पटाभोवतीचे मंडळ

बुद्धिबळ हा दोघांचा खेळ, असे आपण म्हणतो. पटापुरते ते खरेच आहे. परंतु खेळाडू दोघांनी घडत नाही. रोज एकाच मित्राबरोबर डाव मांडणारा विद्यार्थी वर्षभरात त्या मित्राच्या खोडी तेवढ्या ओळखू लागतो. एक आपल्या तोडीचा, एक थोडा वरचढ आणि एक आपण ज्याला शिकवू असा, एवढे तरी भिडू प्रत्येकाला हवेत. असे भिडू ठरल्या जागी, ठरल्या दिवशी जमू लागले की मंडळ तयार होते.

महानगराबाहेर असे मंडळ टिकते काय? या प्रश्नाचे उत्तर सांगलीने दिले आहे. तेथे १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन झाले. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी मुलामुलींना हा खेळ शिकविण्यात आपले आयुष्य वेचले. पाच वेळा राष्ट्रीय महिला अजिंक्यपद मिळविणाऱ्या भाग्यश्री साठे (ठिपसे) सांगलीच्याच आणि स्वाती घाटे याही सांगलीच्याच. एकाच गावातून असे खेळाडू पुढे येतात, तेव्हा त्यामागे केवळ दैव नसते. वर्षानुवर्षे मांडलेले पट असतात.

मंडळाला प्रथम हवेत समान नियम. आपल्याकडील जुन्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चाले आणि राजाला एकदा घोड्याची चाल करता येई. शिवाय गावोगावी फरक असत. परगावच्या खेळाडूशी सामना व्हावयाचा तर आंतरराष्ट्रीय नियमच पाळले पाहिजेत. वडीलधाऱ्यांचा देशी डाव करमणुकीसाठी अवश्य चालू ठेवावा. स्पर्धेत मात्र तो मिसळू नये.

दुसरी गोष्ट स्पर्धेच्या पद्धतीची. ३२ खेळाडूंची स्पर्धा बाद पद्धतीने घेतली तर पहिल्याच फेरीनंतर १६ जण घरी जातात आणि साऱ्या स्पर्धेत निकाली डाव होतात केवळ ३१. घरी जाणारे बहुधा नवशिके असतात, म्हणजे ज्यांना सरावाची सर्वांत अधिक गरज तेच. स्विस पद्धतीत कोणी बाद होत नाही. प्रत्येक फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांची जोडी लावली जाते. तेच ३२ जण ५ फेऱ्यांत ८० डाव खेळतात. हरलेल्यालाही पुढच्या फेरीत आपल्या तोडीचा भिडू मिळतो आणि तो पुढच्या रविवारी पुन्हा येतो.

तिसरी गोष्ट मानांकनाची. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे, म्हणजे फिडेचे, मानांकन नव्या खेळाडूला मिळण्यासाठी मानांकित प्रतिस्पर्ध्यांशी किमान ५ डाव व्हावे लागतात. ते मोबाईलवर होत नाहीत, समोरासमोर बसूनच खेळावे लागतात. मोबाईलवर भिडू मध्यरात्रीही मिळतो, पण डाव संपल्यावर "अकराव्या खेळीला उंट का हलवलास?" असे विचारणारा तेथे नसतो. म्हणून प्रत्येक डावाच्या खेळ्या वहीत लिहाव्यात आणि हरणाऱ्याबरोबर जिंकणाऱ्याने दहा मिनिटे बसावे. मंडळाचे खरे शिक्षण या दहा मिनिटांत होते.

आपल्या बुऱ्हाणपुरात मराठी, हिंदी, उर्दू बोलणारी घरे शेजारी शेजारी आहेत. पटाला भाषेची अडचण नाही. यंत्रमागावर पाळी करणारा तरुण, महाविद्यालयातील प्राध्यापक आणि शाळकरी मुलगी एका टेबलाशी बसू शकतात. मात्र वेळ सर्वांना सोयीची हवी. मंडळ रात्रीच भरले तर मुली येणार नाहीत आणि मग "मुलींना गोडी नाही" असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार उरणार नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर किताब मिळविला, हे अशा वेळी आठवावे.

आरंभाला फार काही लागत नाही. महाविद्यालयाची एक खोली, दहा पट, दोन-तीन घड्याळे, हजेरीची वही आणि कोणी आले नाही तरी रविवारी कुलूप उघडणारा एक माणूस. पट विकत मिळतात. तो माणूस मात्र आपल्यातूनच निघावा लागतो. तो निघाला नाही, तर एखाद्या गल्लीतील हुशार पोर सगळ्या शेजाऱ्यांना हरवील आणि पुढे कोणी भिडूच नाही म्हणून पट गुंडाळून ठेवील. आपल्या गावात काय होते, हे त्याला किंवा आपल्याला कधीच कळणार नाही.